भार खणणाऱ्यावर हवा

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगचा शेतकरी आपल्या खाचराकडे पाहतो तेव्हा त्याला भात दिसते. सरकारला उद्या त्याच खाचराखालचे खनिज दिसू लागले तर? ही शंका निराधार नाही.

२५ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निर्णय दिला की, स्वामित्वधन, म्हणजेच रॉयल्टी, हा कर नव्हे. आणि खनिजहक्कांवर तसेच खनिजयुक्त जमिनीवर कर बसविण्याचा अधिकार राज्यांना आहे. पाठोपाठ डिसेंबर २०२४ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने तशा कराचे विधेयक संमत केले.

या अधिकाराचे आम्ही स्वागत करतो. डोंगर पोखरले जातात, नद्या गढूळ होतात आणि लाभ भलतेच नेतात, हे आम्ही गोमंतकीयांनी पुष्कळ पाहिले आहे. परंतु ‘खनिजयुक्त जमीन’ हे शब्द फार सैल आहेत. भूगर्भातील खनिज जमीनधारकाचे असू शकते, हे २०१३ साली मलबारच्या खटल्यात याच न्यायालयाने मान्य केले. तरीही सामान्यतः खाणपट्टा सरकार देते आणि स्वामित्वधनही सरकारच घेते. शेतकऱ्याच्या पदरी पडते ती पृष्ठभागाची भरपाई. ज्याला उत्पन्न नाही, त्याच्या माथी कर मारणे न्यायाचे होणार नाही.

म्हणून हा कर खाणपट्टेदाराकडूनच वसूल होईल आणि न खणलेल्या शेतजमिनीस त्याची झळ लागणार नाही, हे कायद्यातच निःसंदिग्धपणे लिहिले गेले पाहिजे. तोंडी आश्वासनांनी जमीन सुरक्षित राहत नाही.