चौदा आकडी भरवसा

दिवाळीच्या तोंडावर भरणाऱ्या कुठल्याही खाद्यप्रदर्शनात हा संवाद कानावर पडतो. गिऱ्हाईक चकलीचं पाकीट उलटसुलट करून विचारतं, तेल कुठलं वापरता? तेलाबद्दल उत्तर येतच नाही. "अहो ताई, एफएसएसएआयचा नंबर आहे ना त्यावर, बिनधास्त न्या!" आणि ताई पाकीट पिशवीत टाकतात. केटररच्या दरपत्रकात, कॅन्टीनच्या कंत्राटात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात हेच वाक्य थोड्याफार फरकाने फिरत असतं: नंबर आहे, म्हणजे सरकारने माल तपासलाय.

निदान त्या नंबरावरून तरी तसं अजिबात ठरत नाही.

एफएसएसएआय म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण; त्याचा आधार असलेला अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६चा. त्याखालचे नियम ५ ऑगस्ट २०११ला लागू झाले आणि खाण्यापिण्याचा धंदा करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला नोंदणी किंवा परवाना सक्तीचा झाला. पाकिटावरचे १४ आकडे त्या धंद्याचे आहेत, चकलीचे नाहीत. पहिला आकडा २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी, १ असेल तर परवाना. पुढचे दोन राज्याचे. महाराष्ट्राचे १५, केंद्रीय परवान्याला ००. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २१५ने सुरू होणारा नंबर एवढंच सांगतो, की महाराष्ट्रातल्या एका छोट्या उद्योगाची सरकारदरबारी नोंद आहे. गाडीच्या नंबरप्लेटवरून मालक सापडतो, ब्रेक लागतात की नाही ते कळत नाही; इथेही तसंच.

ही नोंदणी मिळते कशी, तेही पाहण्यासारखं आहे. २०११च्या नियमावलीप्रमाणे अर्ज करायचा, स्वच्छतेचे नियम पाळू असं स्वतःच लिहून द्यायचं. अधिकाऱ्याने ७ दिवसांत नोंदणी द्यावी, नाकारावी किंवा तपासणीची नोटीस काढावी. यातलं काहीच झालं नाही, तर अर्जदाराने खुशाल धंदा सुरू करावा, अशीही तरतूद त्यात होती. यात गैर काही नाही. घरी पापड लाटणाऱ्या बाईला प्रयोगशाळेचे खेटे घालायला लावले असते, तर तिचा धंदा उभाच राहिला नसता. गैर आहे ते हीच नोंदणी गुणवत्तेचं प्रशस्तिपत्र म्हणून मिरवणं.

परवान्याची गोष्ट थोडी कडक. कारखानदाराने किमान सहा महिन्यांतून एकदा मालाची चाचणी करून घ्यावी, ही परवान्याची अट आहे. पण चाचणी करून घ्यायची त्याने, खर्च त्याचा आणि कायद्याच्या कलम २६नुसार माल सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही त्याचीच.

मानकं ठरलेली नसतील अशा उत्पादनांना बाजारात येण्याआधीच मान्यता घ्यायला लावण्याचा प्रयत्न प्राधिकरणाने करून पाहिला होता. मे २०१३ची ती सूचना मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१४मध्ये रद्द ठरवली; ऑगस्ट २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला, कारण नुसत्या सूचनापत्रकाला कायद्याचं बळ नसतं. पुढे २०१७मध्ये रीतसर नियम झाले, तेही नव्या, मानकांबाहेरच्या पदार्थांपुरते. चकली, लाडू, लोणचं यांच्या वाट्याला 'एफएसएसएआय मान्यताप्राप्त' ही पदवी येत नाही. तरीही लेबलवर ती ठळक अक्षरांत छापणारे आहेतच.

घाऊक खरेदी करणाऱ्यांची श्रद्धा वेगळ्या दैवतावर असते: आयएसओ. आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही, ते देतात स्वतंत्र संस्था. आयएसओ २२००० तपासतं ती कामाची पद्धत. हातातल्या डब्यात काय आहे, यावर ते बोलत नाही. आणि तपासनीसाची फी बहुतेक वेळा ज्याची तपासणी तोच भरतो. अमेरिकेतल्या पीनट कॉर्पोरेशन ऑफ अमेरिकाच्या जॉर्जियातल्या कारखान्याला २००८मध्ये एका खासगी ऑडिटमध्ये 'उत्कृष्ट' शेरा मिळाला होता. त्याच कारखान्याच्या शेंगदाण्यांतून साल्मोनेला पसरला, ७१४ जणांना लागण झाली, ९ जण दगावले. नेस्लेने याच कंपनीचे कारखाने स्वतःची माणसं पाठवून आधीच पाहिले होते आणि माल घ्यायला नकार दिला होता. कागद वाचणारा खरेदीदार आणि गोदामात जाऊन कोपरे धुंडाळणारा खरेदीदार, यांत एवढा फरक पडतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ, पण चिवट. ॲगमार्क हे १९३७च्या कायद्यापासूनचं प्रतवारीचं चिन्ह आहे आणि बहुतेक शेतमालाला ते ऐच्छिकच आहे. हिरवा ठिपका शाकाहारी एवढंच सांगतो; पदार्थ ताजा, पौष्टिक किंवा 'नॅचरल' असल्याचं नाही. 'जैविक भारत'चं चिन्ह शेतीच्या पद्धतीबद्दल आहे, सेंद्रिय कोथिंबीरही धुवावीच लागते. आयएसआयचं चिन्ह नसलेली पाण्याची बाटली बोगस, हेही आता जुनं झालं: ती सक्ती ऑक्टोबर २०२४मध्ये उठली आणि पुढच्याच महिन्यात प्राधिकरणाने हे पाणी अतिजोखमीच्या वर्गात टाकलं.

मग त्या १४ आकड्यांचं करायचं काय? फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर ते टाकून पाहायचे. नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे की नाही, हे फुकटात दिसतं. दुसऱ्याचाच नंबर छापणारे तिथे लगेच उघडे पडतात. तरीही शंका असेल तर कायद्याचं कलम ४० आहे, ज्याची आठवण विक्रेता कधीच करून देणार नाही. कुठलाही ग्राहक फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. फक्त तसा इरादा खरेदी करतानाच दुकानदाराला सांगावा लागतो. माल नापास झाला, तर भरलेली फी परत मिळते.