मोर्स आलेखक
मोर्स आलेखक : तारेतून आलेले विद्युत् संकेत कागदी फितीवर खुणांच्या रूपाने उमटविणारे तारायंत्राचे ग्राहक उपकरण. संदेशाची नोंद आपोआप व्हावी, हा त्याचा मूळ हेतू होता.

सॅम्युएल मोर्स हे अमेरिकन चित्रकार. त्यांनी १८३५ च्या सुमारास तयार केलेल्या पहिल्या उपकरणात चित्राचे कापड ताणण्याची लाकडी चौकट वापरली होती. चौकटीला टांगलेल्या लंबकास पेन्सिल जोडलेली असून तिच्याखालून घड्याळी यंत्रणेने फीत सरकत असे. प्रवाह आला की विद्युत् चुंबक लंबकास ओढी व सरळ रेघेत कोनाकृती खूण उमटे. या खुणा अंक दर्शवीत. अंकांवरून शब्द कोशात शोधावे लागत.

वॉशिंग्टन व बॉल्टिमोर यांदरम्यान २४ मे १८४४ रोजी संदेश पाठविण्यात आला, तेव्हा उपकरण बरेच सुधारलेले होते. मोर्स यांचे सहकारी ॲल्फ्रेड व्हेल यांचा या सुधारणांत मोठा वाटा होता. तरफेच्या एका टोकाचा लोखंडी तुकडा विद्युत् चुंबकाकडे आकर्षिला जाताच दुसऱ्या टोकाची पोलादी अणी, खाच असलेल्या रुळावरून जाणाऱ्या फितीत दाबली जाई. प्रवाह क्षणभर राहिल्यास बिंदू व अधिक काळ राहिल्यास रेघ उमटे. शाई न लावता उमटलेल्या या खुणा मंद प्रकाशात वाचणे कठीण जाई. १८५४ मध्ये ऑस्ट्रियातील टॉमास जॉन यांनी अणीऐवजी शाई लावलेले लहान चाक योजून हा दोष दूर केला.

दरम्यान तरफेच्या टकटक आवाजावरूनच संदेश ओळखता येतो, असे तारायंत्रचालकांच्या ध्यानात आले. फितीवर शंकास्पद शब्द नंतर पडताळता येई. कानाने घेतलेल्या संदेशास असा पुरावा नसे. त्यामुळे ही पद्धत प्रारंभी नियमबाह्य मानली जाई. तथापि ऐकता ऐकताच संदेश लिहून घेता येत असल्याने वेळ वाचे. त्यामुळे अमेरिकेत फितीऐवजी केवळ आवाज करणारी साधी उपकरणे रूढ झाली. यूरोपात मात्र शाईचे आलेखक दीर्घकाळ टिकले.

समुद्री तारांतील क्षीण प्रवाह तरफ हलविण्यास अपुरा पडे. त्यासाठी विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८६७ मध्ये वक्रनलिका आलेखकाचे एकस्व घेतले. त्यात चुंबकीय क्षेत्रात टांगलेल्या हलक्या वेटोळ्याबरोबर काचेची बारीक नळी हले. शाईला विद्युत् भार दिल्याने ती नळीतून फितीवर उडे व नळीचा कागदाशी घर्षणरोध टळे. फितीवरील नागमोडी रेषेतील एका बाजूचे वळण बिंदू व दुसऱ्या बाजूचे रेघ दर्शवी.