बियाण्याचा टॅग पाहता, तशी नर्सिंग कॉलेजची मान्यताही पाहा

शिवऱ्याच्या शेतकरी बंधू-भगिनींनो, इंद्रायणीचं बियाणं घेताना आपण पिशवीवरचा टॅग पाहतो. मग मुलीला नर्सिंगला घालताना कॉलेजची मान्यता नको का पाहायला?

वाटा तीन आहेत. एएनएम २ वर्षांचा, जीएनएम ३, तर बी.एस्सी. नर्सिंग ४ वर्षांचा. बी.एस्सी.ला बारावीला जीवशास्त्र लागतेच. कला शाखेच्या मुलीला पहिल्या दोन वाटा मोकळ्या; इंग्रजी मात्र हवे. पुढे महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हवीच.

आता पगाराचं बघू. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून आहे. खाजगीत सुरुवात बरीच कमी असते. ५० खाटांहून लहान रुग्णालयानेही किमान २०,००० द्यावेत, असे केंद्राच्या समितीने २०१६ साली सुचवले. पण शिफारस म्हणजे हुकूम नव्हे!

म्हणून पगार लेखी घ्या. मूळ प्रमाणपत्रे कुणाकडे ठेवू नका, झेरॉक्स द्या. अनुभवाचा दाखला मागून घ्या. ग्रामपंचायतीने मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी फलकावर लावावी. फीसाठी जमीन गहाण टाकण्याआधी एवढी चौकशी कराच.