एटीकेटीचं कलम

सकाळी ९.५०
शिपाईमामांनी टेबलावर डाक ठेवलीय. सगळ्यांत वर आमच्या जर्मन कराराची फाइल, परीक्षा विभागातून परत आलेली. हिरव्या शाईत शेरा: ‘पुनर्परीक्षेबाबत खुलासा करावा.’

सामंजस्य करारावर सह्या झाल्या त्या दिवशीचा फोटो बाहेर व्हरांड्यात लागलाय: शाल, श्रीफळ, दोन झेंडे. पाच पानांच्या त्या करारात दोन्ही विद्यापीठं ‘प्रयत्नशील राहतील’ आणि ‘शक्यता पडताळतील’. पदवी उभी राहते ती त्यानंतरच्या तक्त्यांवर आणि शेऱ्यांवर, आणि त्याला शाल कोणी देत नाही.

१०.३०
पर्यावरणशास्त्राचे सर तक्ता घेऊन आलेत. डावीकडे आमचे पेपर, उजवीकडे त्यांचे.

मुलांनी तिसरं सेमिस्टर जर्मनीत करावं आणि परत यावं, अशी सरांची मूळ योजना. खर्च कमी, पालक तयार होतील. हिशोब सोपा आहे. आमचं एम.एस्सी. ८८ क्रेडिटचं, सेमिस्टरला २२. म्हणजे तिकडची कमाई पंचवीस टक्के. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांनुसार संयुक्त पदवी, म्हणजे दोघांची बोधचिन्हं असलेलं एकच प्रमाणपत्र द्यायचं, तर दोन्ही संस्थांकडून किमान तीस टक्के क्रेडिट हवीत. पाच क्रेडिट कमी पडतात. दुहेरी पदवीला, म्हणजे दोन वेगळ्या प्रमाणपत्रांना, विनियमाचा आग्रह भारतीय संस्थेच्या तीस टक्क्यांचा. पण एका सेमिस्टरवर आपली पदवी द्यायला जर्मन मंडळी तयार नाहीत, आणि त्यांच्या जागी मीही झाले नसते. शेवटी ठरलं ते असं: पहिलं वर्ष इथे, दुसरं तिथे, पदव्या दोन.

“बोधचिन्ह डावीकडे कुणाचं, हा वाद तरी वाचला,” सर म्हणाले. खरंच वाचला. त्यावर एक अख्खी बैठक गेली होती.

आता अडलंय ते एका ओळीवर. पाण्याच्या रासायनिक विश्लेषणाचा आमचा पेपर चार क्रेडिटचा. त्यांच्याकडे तोच विषय सहा युरोपीय क्रेडिटचा. राष्ट्रीय आराखड्यात एक क्रेडिट म्हणजे तीस तासांचा अभ्यास. जर्मनीतही एका युरोपीय क्रेडिटला तीसच तास धरतात. तासांनी मोजलं तर चाराला चार. पण त्यांचं वर्ष साठ क्रेडिटचं आणि आमचं चव्वेचाळीसचं. वर्षाला वर्ष धरलं तर चाराचे जवळपास साडेपाच होतात. सरांचा जोर वर्षावर, जर्मन विद्यापीठातल्या बाईंचा तासांवर. मी सरांना प्रयोगशाळेच्या जर्नलचे आणि प्रकल्पाचे तास मांडून आणायला सांगितलं. मुलं ते तास करतातच, फक्त आमच्या अभ्यासक्रमात ते कुणी लिहिलेले नाहीत.

दुपारी १२.१०
बार्शीहून एक गृहस्थ आलेत, मुलीच्या प्रवेशाची चौकशी करायला. पिशवीतून वही काढली, प्रश्न लिहून आणलेत.

“मॅडम, दोन डिग्र्या म्हणजे एक एम.एस्सी. आणि एक एमबीए, असं का?”

नाही. एकाच विषयाची, एकाच पातळीची पदवी दोन विद्यापीठं देणार. एका वेळी दोन अभ्यासक्रम करायची सवलत यूजीसीने २०२२ मध्येच दिली, तेव्हापासून हा घोळ रोज निस्तरावा लागतो.

“एमपीएससीला चालंल?” चालेल. या विनियमांखालच्या पदवीला वेगळं समकक्षता प्रमाणपत्र आणावं लागत नाही.

मग पैशांवर आलो. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे त्यांनी यूट्यूबवर पाहिलं होतं. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी बँकेत अडकवून ठेवायचे आणि महिन्याला ९९२ काढायचे, हे त्या व्हिडिओत नसावं. त्यांनी तिथल्या तिथे गुणाकार केला, वही मिटली आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडली. “आणि तिकडं नापास झाली तर?”

परीक्षा विभागाने हिरव्या शाईत हेच विचारलंय.

१.३०
डबा बाजूला सरकवून जर्मन मंडळींशी ऑनलाइन बैठक. त्यांच्याकडे सकाळचे दहा. ऑक्टोबर संपता संपता त्यांचं घड्याळ मागे गेलं की साडेतीन तासांचे साडेचार होतील, आणि मला आधी जेवता येईल.

आपल्याकडे पेपर राहिला तर एटीकेटी. पुढच्या वर्गात बसा, मागचा सोडवत राहा. निम्म्या महाराष्ट्राने पदवी अशीच घेतलीय आणि त्यात कमीपणा कुणी मानत नाही. जर्मनीत एका पेपरला साधारण दोन किंवा तीन संधी. शेवटची हुकली की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम देशातल्या दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. म्हणजे आमची मुलगी एका पेपरापायी तिथून बाहेर पडणार, आणि दुसरं वर्ष तिथलंच असल्यामुळे इथलं एम.एस्सी.ही अर्धवट राहणार.

त्यांच्या बाईंना आधी यात अडचण काय तेच दिसेना. “नियम सर्वांना सारखा,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचा विद्यार्थी विषय बदलून त्याच गावात राहू शकतो. आमच्या मुलीचा व्हिसाच या अभ्यासक्रमावर आहे. यावर त्या थांबल्या, वही ओढली. तासाभरात तीन गोष्टी ठरल्या. दुसरी संधी आमच्या केंद्रावर, त्यांची प्रश्नपत्रिका, आमचे पर्यवेक्षक. तिसऱ्या संधीआधी समुपदेशन सक्तीचं. आणि तरीही हुकलं तर तिथे मिळवलेली क्रेडिट आम्ही धरायची, उरलेले पेपर इथे घ्यायचे आणि फक्त आमची पदवी द्यायची.

हे तिसरं कलम मला सगळ्या करारात महत्त्वाचं वाटतं. रँकिंगच्या अर्जात त्याला रकाना नाही.

४.००
परीक्षा विभाग. कक्षाधिकाऱ्यांनी श्रेणींचं रूपांतर काढून ठेवलंय. जर्मनीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास, आपल्या उलट. जर्मनांचं सूत्र असं: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. ८.२ वाल्या मुलीला उत्तीर्णतेची रेषा ४ धरली तर १.९ मिळतात. ५ धरली तर २.०८, आणि ते दुसरा दशांश कापतात, म्हणून २.०. दोन्हीकडे शेरा ‘चांगला’च, पण पुढे पीएच.डी.च्या अर्जात हा फरक नडू शकतो. अधिकाऱ्यांनी ५ धरली होती, सुरक्षित म्हणून. आपल्या श्रेणीपत्रकाच्या मागे ४ ला ‘उत्तीर्ण’ छापलंय, ते उलटून दाखवलं. दुरुस्त झालं. खुलाशाची टिपणीही तिथेच बसून लिहिली.

६.४०
जर्मनीहून मेल. तिन्ही कलमं विभागाला मान्य. पण गुणपत्रकं एकमेकांना पाठवायची तर त्यांच्या विदासंरक्षण अधिकाऱ्यांना मसुदा आधी पाहायचाय, आणि त्या अधिकारी सोमवारपर्यंत रजेवर आहेत. विद्या परिषदेच्या कार्यपत्रिकेत विषय घालायची मुदत शुक्रवारी संपते. ‘विदासंरक्षणाच्या अटीस अधीन राहून’ असं टिपणीत घालून फाइल कुलसचिवांकडे सोडली. मामा निघायच्या बेतात होते, वाटेत ठेवून जातो म्हणाले.