नेटवर्क कार्ड चालकाचे प्रारंभीकरण

संगणक किंवा संगणकयुक्त उपकरण यास जाळ्याशी (परस्परांशी जोडलेल्या संगणकांच्या व्यवस्थेशी) जोडणाऱ्या मंडलफलकास नेटवर्क कार्ड म्हणतात. हे कार्ड आणि परिचालन प्रणाली (संगणकाच्या सर्व भागांचे कार्य नियंत्रित करणारी मूलभूत आज्ञावली) यांमधील दुवा असलेली आज्ञावली म्हणजे चालक किंवा ड्रायव्हर होय. वीजपुरवठा सुरू झाल्यापासून कार्ड संदेश पाठविण्यास व स्वीकारण्यास सिद्ध होईपर्यंत चालक ज्या क्रिया ठराविक क्रमाने करतो, त्यांना प्रारंभीकरण म्हणतात.

घरगुती वा कार्यालयीन संगणकात ही क्रिया फसल्यास पडद्यावर सूचना येते व माणूस उपाय करतो. अंतःस्थापित प्रणालीत (एखाद्या यंत्राच्या अंगभूत असलेल्या, एकाच कामासाठी बनविलेल्या संगणकात) बहुधा पडदाही नसतो व जवळ माणूसही नसतो; स्मृतीही थोडी असते. त्यामुळे तेथे प्रारंभीकरण अचूक असणे पुरेसे नसते. ते फसल्यास स्वतः सावरणारेही असावे लागते.

पूर्वपीठिका : झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ पासून ईथरनेट ही जाळेपद्धती विकसित केली. तिचे ८०२.३ हे मानक १९८३ मध्ये संमत झाले. मानकामुळे तारेवरील संदेशाचे स्वरूप एकच राहिले; परंतु कार्डांची अंतर्गत रचना उत्पादकागणिक वेगळी राहिली व म्हणून प्रत्येक रचनेसाठी स्वतंत्र चालक आवश्यक ठरला. व्हीएक्सवर्क्स (१९८७), लिनक्स (१९९१) व फ्रीआरटीओएस (२००३) या प्रणाली अंतःस्थापित उपकरणांत विशेष वापरात आल्या.

प्रारंभीकरणाचा क्रम : (१) ओळख : पीसीआय प्रकारच्या जोडणीत प्रत्येक कार्ड उत्पादकाचा व साधनाचा असे दोन १६ अंकी द्विमान क्रमांक सांगते. उत्पादक क्रमांकाचे सर्व अंक एक आल्यास त्या जागी कार्ड नाही, असे समजतात. एकाच चकतीवर संस्कारक व जाळे-नियंत्रक दोन्ही असल्यास नियंत्रकाचा पत्ता आधीच ठाऊक असतो व शोधाची गरज नसते.

(२) रीसेट : कार्डातील जुनी स्थिती पुसून ते मूळ अवस्थेत आणतात व त्याचे घड्याळ स्थिर होईपर्यंत थांबतात. ही प्रतीक्षा गाळल्यास पुढील आज्ञा कधी लागू पडतात, कधी पडत नाहीत. असा दोष शोधणे सर्वांत कठीण असते. उदा., ईएनसी२८जे६० या लहान उपकरणांत लोकप्रिय ठरलेल्या नियंत्रकात ‘घड्याळ तयार’ हा संकेत आज्ञेद्वारे केलेल्या रीसेटनंतर विश्वसनीय नसल्याचे उत्पादकाच्याच दोषपत्रकात नमूद असून त्याऐवजी किमान एक सहस्रांश सेकंद थांबण्याची सूचना आहे.

(३) पत्ता : प्रत्येक कार्डास ४८ द्विमान अंकांचा पत्ता लागतो. त्याचे पहिले २४ अंक सामान्यतः उत्पादकास नेमून दिलेले असतात. बहुतेक कार्डांत तो कायम स्मृतीत कोरलेला असतो. वरील नियंत्रकात मात्र तो नसतो व चालकाने पुरवावा लागतो. शंभर उपकरणांत एकच आज्ञावली जशीच्या तशी भरली, तर सर्वांचा पत्ता एकच होतो व त्यांतील दोन उपकरणे एका जाळ्यात येताच संदेश भरकटतात.

(४) स्मृतीची वाटणी : संदेशांसाठी कप्पे राखून त्यांच्या नोंदींचे एक वर्तुळ स्मृतीत मांडतात. मूळ मानकानुसार ईथरनेटचा संदेश ६४ ते १,५१८ बाइटांचा असतो. त्यावरून कप्प्याचा आकार ठरतो. कोणता कप्पा सध्या कार्डाच्या ताब्यात व कोणता संस्कारकाच्या, हे नोंदीतील एका अंकावरून कळते. कॅशे (संस्कारकाजवळची द्रुत स्मृती) असल्यास तिच्यातील मजकूर मुख्य स्मृतीशी जुळवून घ्यावा लागतो; एरवी कार्ड जुनाच मजकूर वाचते.

(५) तारेशी जुळणी : दोन टोके परस्परांना वेग व पद्धत सांगून समान मार्ग निवडतात. यास काही सेकंद लागू शकतात. तेवढा वेळ संपूर्ण प्रणाली अडवून न ठेवता जुळणी झाल्याची बातमी मागाहून घेणे श्रेयस्कर असते.

(६) व्यत्यय संकेत : संदेश आल्याचे कार्ड संस्कारकास व्यत्यय संकेताने (चालू काम थांबवून लक्ष वेधणाऱ्या संकेताने) कळविते. प्रथम हा संकेत हाताळणारी आज्ञावली नोंदवितात, मग जुने संकेत पुसतात व अखेरीस संकेत आणि संदेशस्वीकार सुरू करतात. कप्पे मांडण्यापूर्वीच स्वीकार सुरू झाल्यास कार्ड आलेला मजकूर स्मृतीत भलत्याच ठिकाणी लिहू शकते व सर्व प्रणाली कोलमडते. या कारणास्तव व्हीएक्सवर्क्समध्ये चालक दाखल करणे व सुरू करणे या दोन स्वतंत्र पायऱ्या ठेवल्या आहेत. लिनक्समध्येही कार्ड ओळखणे व ते कार्यान्वित करणे ही कामे वेगळी आहेत.

(७) नोंदणी : शेवटी चालक आपली नोंद संदेशनियम सांभाळणाऱ्या आज्ञावलीकडे करतो व उपकरणास जाळ्यातील पत्ता मिळतो.

अपयशाची हाताळणी : प्रत्येक प्रतीक्षेस कालमर्यादा असावी. एखादी पायरी फसल्यास तोवर घेतलेली स्मृती व संकेत उलट क्रमाने परत करून काही वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. आज्ञावली अडकून पडल्यास वॉचडॉग (ठराविक काळात खूण न मिळाल्यास उपकरण पुन्हा सुरू करणारे घड्याळ) उपयोगी पडते. जाळे नसतानाही उपकरणाचे मूळ काम चालू राहावे व नोंदी साठवून ठेवाव्यात, हा उत्तम रचनेचा नियम होय.

महाराष्ट्रातील उपयोग : पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने ‘परम पद्म’ या महासंगणकासाठी परमनेट-२ हे जाळे विकसित केले, जून २००३ च्या जागतिक यादीत हा संगणक १७१ वा होता. खोडद (जि. पुणे) परिसरातील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीचे ३० अँटेना प्रकाशीय तंतूंनी मध्यवर्ती केंद्राशी जोडलेले आहेत.

सामान्य जनतेच्या हिताशी या विषयाचा संबंध महावेध प्रकल्पात दिसतो. राज्य शासनाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यातील येरमाळा हे असेच एक महसूल मंडळ. येडेश्वरी देवीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेला हा भाग बालाघाटच्या डोंगररांगांत, अवर्षणप्रवण प्रदेशात मोडतो. एका दिवसात मंडळात ६५ मिमी.पेक्षा अधिक पाऊस पडल्यास अतिवृष्टी मानतात व पीक नुकसानीच्या मदतीसाठी ही नोंद महत्त्वाची ठरते. अशा केंद्रात सामान्यतः ईथरनेट कार्डाऐवजी मोबाइल जाळ्याचा मोडेम असतो. परंतु ओळख, रीसेट, प्रतीक्षा, जुळणी व नोंदणी हा क्रम तत्त्वतः तोच. वादळी पावसात वीजपुरवठा वा मोबाइल सेवा खंडित होण्याचा संभव अधिक आणि नोंदीची गरजही त्याच वेळी सर्वाधिक असते. अशा वेळी चालक पुन्हा सुरू झाला नाही, तर आकडे वेळेवर पोहोचत नाहीत. आणि ते साठविण्याची सोय नसेल, तर पडलेला पाऊस कागदोपत्री पडलेला राहत नाही.