नागपूरहून परतल्यावर

छातीत एकाएकी फाडल्यासारखी कळ उठते, ती पाठीकडे सरकते आणि घरचे म्हणतात, ‘अटॅक आला.’ महाधमनी फाटण्याची, म्हणजे ॲओर्टिक डिसेक्शनची, सुरुवात अनेकदा अशीच होते. धमनीच्या अस्तराला चीर जाते, रक्त भिंतीच्या थरांत शिरते आणि खऱ्या पोकळीशेजारी एक खोटी पोकळी तयार होते. फाटणे हृदयालगत असेल आणि उपचार झाले नाहीत, तर सुरुवातीच्या काळात दर तासाला एक ते दोन टक्के रुग्ण दगावतात, असा जुना हिशेब आहे. दोन्ही हातांचे बीपी मोजून मोठा फरक दिसला, तरी संशय यायला हवा. अटॅक समजून गाठ विरघळवणारे इंजेक्शन दिले, तर जिवावर बेतते.

ऑपरेशनसाठी गोंदियाहून नागपूर गाठायचे, तर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. सालेकसा, देवरीकडच्या माणसाला आधी गोंदिया किंवा हमरस्ता गाठावा लागतो. म्हणून जो ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोहोचतो, त्याने निम्मी लढाई वाटेतच जिंकलेली असते.

सर्जन मायकेल डिबेकींनी १९५४ साली फाटलेली महाधमनी दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. पुढे २००६ मध्ये, ९७व्या वर्षी, त्यांच्यावरच ती झाली आणि ते २००८ पर्यंत जगले. १९९६ पासून चालणाऱ्या या आजाराच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीच्या २००० सालच्या अहवालात ऑपरेशन होऊनही सुमारे २६ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले होते. नंतर हे प्रमाण घटले. घरी परतलेल्यांपैकी मात्र नव्वद टक्क्यांच्या आसपास तीन वर्षांनीही हयात होते.

हा आकडा धीर देतो, पण माझी काळजी त्यापुढची आहे. सर्जन हृदयालगतचा तुकडा काढून कृत्रिम नळी बसवतात. छातीतून पोटाकडे उतरणारी धमनी बहुधा फाटलेलीच राहते. तिथली खोटी पोकळी वाहती राहिली की भिंत वर्षागणिक फुगू शकते, आणि काहींना पुन्हा ऑपरेशन लागते. म्हणून पहिल्या वर्षात ठरल्या वेळी आणि पुढे दरवर्षी सीटी, बीपी १३०/८०च्या खाली, तंबाखू बंद, बीटा ब्लॉकर रोज. धानाचा कट्टा खांद्यावर घेणे बंद, हे ऐन कापणीत शेतकऱ्याच्या घरात सांगून पाहा!

महात्मा फुले योजनेने ऑपरेशनचा भार हलका केला. पण दरवर्षीच्या सीटीचे काय? २०१६ पासून गोंदियात वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे अशा रुग्णांची वेगळी नोंदवही ठेवता येईल, जुन्या-नव्या सीटीवरचे व्यास शेजारी शेजारी लिहिता येतील. शेजारच्या भंडाऱ्यात, ज्यातून गोंदिया जिल्हा १९९९ साली वेगळा झाला, उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरुवातीच्या टप्प्यातच पोहोचला होता. त्यातली रीत इथे चालेल: गोळी न्यायला न आलेल्याचे नाव आशाताईंच्या हाती द्यायचे आणि त्यांनी घरी जायचे. त्याच फेरीत रुग्णाच्या भावंडांना आणि मुलांना इको करून घ्यायला सांगावे, कारण काही घरांत ही कमजोरी रक्तातूनच येते.