घोड्याच्या पायांतील न दिसणारी जखम

यवतमाळच्या रस्त्यांवरून टांगे नाहींसे झाले, आणि घोडा आतां बहुधा वरातीच्या निमित्तानेंच आमच्या दृष्टीस पडतो. आमच्या घरामागील वस्तींत असा एक घोडीवाला राहतो. त्याचीं मुलें आमच्या हाताखालीं शिकलीं, ह्या नात्यानें तो अडीअडचणीस आम्हांकडे येतो. गेल्या मार्गशीर्षांत त्याची पांढरी घोडी फटाक्यांच्या आवाजानें बुजली आणि तिचा पाय गटाराच्या कडेवरून घसरला. संध्याकाळीं डाव्या पुढच्या पायास, गुडघ्याखालीं मागच्या अंगास, सूज आली. हात लावावा तों कढत लागे. गार पाण्याच्या पट्ट्या, लेप आणि विसांवा ह्यांनीं तीन आठवड्यांत लंगडणें थांबलें. माघांत ती पुन्हां वरातीस उभी राहिली, आणि त्याच रात्रीं तिला पाय टेकवेना.

तेव्हां तो आम्हांस म्हणाला, "गुरुजी, घोडी तं सरळ चालून राह्यली होती, मंग हे झालं कसं?" ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांसही ठाऊक नव्हतें. तें शोधतांना जें कळलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

घोड्याच्या पुढच्या पायास गुडघ्याच्या खालीं मांस म्हणून जवळजवळ नाहींच. हाड, कातडें आणि त्यांच्यामध्यें दोरखंडासारख्या कंडरा, एवढाच सारा संसार. कंडरा हा शब्द आपल्या वैद्यकांत फार जुना आहे. सुश्रुतानें मनुष्यदेहांत सोळा कंडरा सांगितल्या आहेत. अश्ववैद्यकही आपल्याकडे शालिहोत्राच्या नांवानें चालत आलें आहे, आणि विराटाच्या घरीं ग्रंथिक हें नांव घेऊन घोडे सांभाळणारा नकुल तर मुलांसही माहीत असतो. परंतु कातड्याच्या आड काय तुटलें आहे, तें प्रत्यक्ष पाहण्याचें साधन त्या थोरांजवळ नव्हतें.

पायाच्या मागच्या अंगास कातड्याला लागूनच जी कंडरा असते, तिच्यावर सर्वांत अधिक ताण पडतो. घोडा भरधाव असतां ती आपल्या लांबीच्या शेंकडा सोळापर्यंत ताणली जाते, आणि तिच्या गाभ्यांतील उष्णता ४५ अंशांपर्यंत चढते, असें मोजून पाहिलेलें आहे. तिला रक्ताचा पुरवठा बेताचाच. त्यामुळें ती तुटते ती पुष्कळ वेळां गाभ्यांत, बाहेरचे तंतु शाबूत असतांना. बोटांनीं चांचपून तें कळत नाहीं. क्ष-किरणांनीं हाडें दिसतात, कंडरेची आंतली वीण त्यांत उमटत नाहीं.

येथें सोनोग्राफी उपयोगी पडते. घरांतील सुनेस दिवस गेले म्हणजे जिच्यासाठीं तिला दवाखान्यांत नेतात, तीच ही. मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारें वीस हजार कंपनांपलीकडचा ध्वनि ऐकूं येत नाहीं. घोड्याच्या पायासाठीं वापरतात तो श्राव्यातीत ध्वनि सेकंदाला पाऊण कोटि ते एक कोटि आणि त्याहूनही अधिक कंपनांचा असतो. तो आंत जाऊन आदळतो, परततो, आणि त्या प्रतिध्वनींचें चित्र पडद्यावर उमटतें. इसवी सन १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील पशुवैद्यांनीं तो शर्यतीच्या घोड्यांच्या कंडरांवर लावून पाहिला, आणि पुढें जगभर ती रीत पडली.

आमच्या जिल्ह्यांत कापूस हेंच मुख्य पीक, म्हणून दृष्टांत सुताचाच देतों. कंडरा म्हणजे सुताची घट्ट लड. निरोगी लडीचें उभें चित्र घेतलें तर समांतर पांढऱ्या रेघा दिसतात. आडवें घेतलें तर दाट पांढरे ठिपके, आणि क्षेत्रफळ एका चौरस सेंटिमीटरच्या आसपास. तंतु तुटून तेथें रक्त किंवा पाणी सांचलें असेल तर तेवढी जागा काळी दिसते. काळेपण किती, लड किती फुगली, रेघा सरळ आहेत कीं विसकटल्या, हें सारें मोजतां येतें. दुसरा पाय ताडून पाहण्यास असतोच.

परंतु चित्रही खोटें बोलूं शकतें. यंत्राची मूठ किंचित् तिरपी धरली, अथवा घोड्यानें त्या पायावर भार टाकला नाहीं, तर धड कंडराही काळी दिसते. म्हणून केस काढून, पाय धुऊन, वर चिकट लेप लावून, गुडघ्यामागील हाडापासून किती सेंटिमीटरांवर पाहिलें तें लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या खेपेस नेमकी तीच जागा पाहतां येते. पहिल्या दिवशींचें चित्रही फसवें. जखम पहिल्या आठवड्यांत वाढूं शकते, म्हणून आठवड्यानंतर पुन्हां पाहणें बरें.

हीं साधनें प्रथम जेथें पैसा तेथें गेलीं, हें उघड आहे. मुंबईस महालक्ष्मीवर आणि पुण्यास शर्यती होतात, आणि एकेका घोड्यामागें मोठी रक्कम गुंतलेली असते. विदर्भांत नागपुरास १९५८ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. आमचा घोडीवालाही टेंपो करून घोडीस नागपुरासच एका पशुवैद्यांकडे घेऊन गेला. त्याआधीं एका जाणत्यानें त्याला पाय डागण्याचा सल्ला दिला होता. इंग्लंडांत ब्रिस्टल येथें ह्या डागण्याची कसून परीक्षा झाली; तिचा निष्कर्ष १९८३ सालीं प्रसिद्ध झाला, आणि डागण्यानें कंडरा भरून येण्यास कांहींएक मदत होत नाहीं, असें ठरलें. घोडीचा तेवढा छळ तरी वांचला.

चित्रांत कंडरेच्या मधोमध मसुरीएवढा काळा ठिपका होता. डॉक्टरांनीं तो बोटानें दाखविला आणि समजावून दिलें कीं, सूज व ठणका कांहीं आठवड्यांत जातो, घोडी लंगडत नाहीं, आणि मालक फसतो. तुटल्या जागीं प्रथम जें सूत विणलें जातें तें कच्चें आणि वेडेंवांकडें असतें. तें सरळ व बळकट होण्यास नऊ महिने, वर्ष, कधीं त्याहूनही अधिक काळ लागतो. नुसतें बांधून ठेवूनही चालत नाहीं. हळूहळू वाढवीत नेलेल्या चालण्यानेंच तंतु ताणाच्या दिशेस लागतात. इतकें करूनही ती जागा पूर्वीइतकी लवचिक होत नाहीं, आणि पुन्हां दुखावण्याचें भय राहतेंच.

"मंग येवढे मयने तिले बसवून खाऊ घालू काय?" हा त्याचा पुढचा प्रश्न. चंदीचा खर्च, लग्नसराई हातची गेलेली, वर टेंपोचें भाडें. आमच्यासारख्या पेन्शनरानें त्याला धीराचा उपदेश करणें सोपें होतें, म्हणून आम्हीं तो केला नाहीं. त्यानें मोबाइलवर घेतलेलें तें चित्र बायकोस दाखविलें, आणि चार दिवसांनीं जिनिंगमध्यें गाठोडीं उतरविण्याचें काम धरलें.

वैशाखांत दुसरें चित्र काढलें. ठिपका काळ्याचा करडा झाला होता, रेघा मात्र विसकटलेल्या होत्या. रोज दहा मिनिटें मऊ जमिनीवर हातांत दोरी धरून चालविण्याची परवानगी मिळाली. तें काम धाकटा मुलगा करी. श्रावणांतल्या तिसऱ्या चित्रांत रेघा बऱ्याच सरळ आल्या, तरी डॉक्टरांनीं पाठीवर माणूस बसविण्यास नाहींच म्हटलें.

तुळशीच्या लग्नानंतर पहिल्याच मुहूर्तासाठीं शेजारच्या गांवचीं माणसें घोडी ठरवावयास आलीं होतीं. घोडी दारांत चारही पायांवर सरळ उभी होती. त्यानें त्यांस चहा पाजला आणि दारव्ह्याच्या दुसऱ्या घोडीवाल्याचा नंबर लिहून दिला.